कासवांच्या हंगामात कोकणच्या किनाऱ्यावर जाताना काय पाळावे?

मुठाकाठ, पुणे

नमस्कार. फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही दोन कुटुंबे मिळून कोकणात जाणार आहोत. सोबत सासू-सासरे आणि सात ते बारा वर्षांची मुले आहेत. पहिला मुक्काम दापोली तालुक्यात, तिथून एका पहाटे वेळासला जाऊन कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायची आणि पुढचे दिवस मालवण-तारकर्लीत घालवायचे, असा बेत आहे.

किनाऱ्यावरच्या फलकांवर ‘हे करू नका, ते करू नका’ एवढेच लिहिलेले असते. त्यामागचे कारण दिलेले नसल्यामुळे मुलांना ते पटवून देता येत नाही आणि मोठेही ते फारसे मनावर घेत नाहीत, म्हणून काही गोष्टी इथे सविस्तर विचारते. सासऱ्यांना मऊ वाळूत चालणे जड जाते; त्यांच्यासाठी गाडी पुळणीवर नेली तर चालेल का? रात्रीच्या जेवणानंतर विजेऱ्या घेऊन किनाऱ्यावर फेरी मारण्यात काही गैर आहे का? मुलांना शंख-शिंपले गोळा करू द्यावेत का? डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीत बसताना आणि स्नॉर्केलिंग करताना कोणती काळजी घ्यावी? आणि मुळात, आमच्यासारख्या शेकडो माणसांनी पिल्ले पाहायला जाणे कासवांच्या हिताचे आहे का, हेही जाणून घ्यायचे आहे.

सुरूबन, दापोली

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्याच्याशी जोडलेली आहेत. जरूर या. पूर्वी आमच्या किनारपट्टीवर कासवांची अंडी खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी सर्रास खणून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली वेळासला घरटी राखण्याचे काम सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागल्यावर पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय गावातल्या घरांतच होऊ लागली. पाहुणा गावात उतरतो, त्याचे पैसे गावात राहतात आणि मग घरटे राखण्यात सगळ्या गावाला गोडी वाटते. तेव्हा तुमच्या येण्याने नुकसान होत नाही. किनाऱ्यावर आल्यानंतर तुम्ही कुठे उभे राहता आणि कोणत्या वेळी, यावर सगळे अवलंबून आहे.

कोकणात अंडी घालायला येणारी सागरी कासवे प्रामुख्याने ऑलिव्ह रिडले जातीची असतात. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मादी रात्री भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत येते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभरच्या आसपास अंडी घालते आणि वाळू लोटून, अंगाने थापटून खड्डा बुजवून निघून जाते. पुन्हा ती त्या घरट्याकडे फिरकत नाही. पुढचे ४५ ते ५५ दिवस वाळूच ती अंडी उबवते आणि पिल्लू नर होणार की मादी हेसुद्धा त्या वाळूच्या उष्णतेवर ठरते: वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, कमी तापली तर नर अधिक. आता आपण किनाऱ्यावर गेल्यावर चटई कुठे अंथरतो, खुर्च्या कुठे मांडतो, शेकोटी कुठे पेटवतो, हे आठवून पाहा. पाणी पोहोचत नाही आणि वाळू कोरडी आहे अशीच जागा आपण शोधतो, आणि कासवालाही तीच हवी असते. डिसेंबरअखेरीस नव्या वर्षाच्या स्वागताला जी गर्दी, फटाके आणि ध्वनिक्षेपक किनाऱ्यावर येतात, ते तर ऐन अंडी घालण्याच्या दिवसांत येतात, याचे आम्हाला दरवर्षी फार वाईट वाटते.

गाडीविषयी. आमच्याकडचे कासवमित्र पहाटे पुळणीवर गस्त घालतात ती मादीच्या मागावर. दोन्ही बाजूंना पायांच्या तिरप्या खुणा आणि मधे पोट घासत गेल्याचा पट्टा, असा तो माग असतो. तो जिथे संपून पुन्हा समुद्राकडे वळतो, तिथे काठीने वाळू चाचपतात. काठी सहज आत गेली की घरटे सापडले. मग अंडी हलक्या हाताने काढून जाळीच्या कुंपणात, म्हणजे हॅचरीत, तेवढ्याच खोलीवर पुरतात. काही ठिकाणी घरटे जागेवरच ठेवून राखण करतात. रात्री किंवा भल्या पहाटे एखादी गाडी पुळणीवरून फिरून गेली, तर हा माग पुसला जातो आणि न सापडलेले घरटे कुत्र्यांच्या आणि कोल्ह्यांच्या तोंडी जाते. चाकांखाली वाळू दाबली जाते ते वेगळेच. शिवाय जेमतेम चार-साडेचार सेंटीमीटर लांबीच्या पिल्लाला चाकोरी ओलांडता येत नाही. ते तिच्यातूनच चालत राहते आणि समुद्राऐवजी किनाऱ्याला समांतर भटकते. सासऱ्यांसाठी सोपा उपाय असा की ओहोटीची वेळ गाठा. ओहोटीला उघडी पडलेली ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर वयस्कर माणसेही आरामात चालतात. अवघड असतो तो फक्त मधला कोरडा पट्टा. तो जिथे अरुंद आहे अशी पायवाट तुम्ही ज्यांच्याकडे उतराल ते घरमालक दाखवतील.

रात्रीच्या फेरीत चालण्यापेक्षा उजेडाचा त्रास अधिक होतो. वर येत असलेल्या मादीला दिवा किंवा हालचाल दिसली, तर ती अंडी न घालताच माघारी फिरते. पिल्लांचे त्याहून कठीण असते. रात्री समुद्राच्या बाजूचे क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असते आणि पिल्लू वाळूतून वर आल्यावर त्या उजेडाच्या रोखाने निघते. पाठीमागे हॉटेलचे दिवे झगमगत असतील तर ते उलट्या दिशेला, सुरूच्या बनात शिरते आणि उजाडल्यावर उन्हाने किंवा कावळ्यांच्या चोचीने मरते. म्हणून रात्री जायचेच असेल तर थोडकी माणसे जा, ओल्या वाळूच्या कडेने जा आणि विजेरी बंद ठेवून एका जागी बसा. दहा-पंधरा मिनिटांत डोळे सरावतात. हिवाळ्यात कधी कधी फुटणाऱ्या लाटेवर निळसर चमक दिसते, ती नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवांची असते. विजेरी लावून फिरणाऱ्यांना ती दिसतच नाही.

वेळासला पिल्ले सोडण्याच्या वेळा सकाळ-संध्याकाळच्या असतात. घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलतात तेव्हा आत पिल्ले वर आलेली असतील तर ती सोडतात; नसतील तर कार्यकर्त्यांकडे हट्ट धरू नये, कारण घरटे उकरून पिल्ले ‘काढून दाखवणे’ म्हणजे अर्धवट वाढलेली पिल्ले मारणे होय. पिल्लांना पाण्यात नेऊन सोडत नाहीत. काही अंतर त्यांना स्वतः चालू देतात, कारण या चालण्यातच ती आपला किनारा ओळखू लागतात, असे अभ्यासक मानतात. दोन्ही बाजूंना बांधलेल्या दोरीच्या बाहेर थांबावे, फ्लॅश बंद ठेवावा आणि एखादे पिल्लू दोरीखालून तुमच्या पायांशी आले तर मागे न सरकता तसेच उभे राहावे. मागे सरकताना मागच्या पिल्लावर पाय पडण्याची भीती जास्त असते. मुलांना खाली बसवा. जमिनीलगत डोळे आणल्यावर दिसते की पिल्लू दोन-चार पावले टाकून थांबते, मान वर करते, पुन्हा चालते. पहिली लाट त्याला उलटून वाळूवर फेकते आणि ते पुन्हा पाण्याकडे तोंड करते.

मुलांना आणखी एक गोष्ट सांगा. ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर २०२१ साली बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये आमच्या गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनारा सोडून, श्रीलंकेला वळसा घालून ती इथवर आली असणार. २०२३ साली गुहागरला उपग्रह यंत्र लावलेली ‘बागेश्री’ तर इथून निघून श्रीलंकेच्या पलीकडे बंगालच्या उपसागरात गेली होती.

पाणपक्षी, अलिबाग

सुरूबन यांनी कासवांविषयी सर्व सांगितले आहे, मी पक्ष्यांबद्दल लिहितो, कारण फेब्रुवारी-मार्च हा काळ त्यांच्यासाठीही नाजूक असतो आणि फलकांवर त्यांचा उल्लेख क्वचितच असतो.

हिवाळ्यात आपल्या पुळणीवर जे चिखल्या, तुतवार, कुरव आणि सुरय दिसतात, त्यांतले पुष्कळसे हिमालयापलीकडून आणि त्याहूनही उत्तरेकडून आलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये त्यांना परतायचे असते आणि त्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. ओहोटीला ते ओल्या वाळूत आणि खाडीच्या चिखलात खातात. भरतीला खाण्याची जागा पाण्याखाली गेली की उरलेल्या अरुंद वाळूवर थव्याने विसावतात. मुले त्या थव्यात धावत सुटतात, आई-बाप छायाचित्र काढतात आणि पक्षी उडतात. एकदा उडाले तर फार बिघडत नाही, परंतु दिवसभर येणारा प्रत्येक गट तेच करतो आणि खाल्लेले सगळे उडण्यात खर्च होते.

थव्याकडे नीट पाहिले तर किती जवळ जायचे ते पक्षीच सांगतात. निवांत चिखल्या वाऱ्याकडे तोंड करून एका पायावर उभा असतो, चोच पिसांत खुपसलेली असते. आपण जवळ गेलो की आधी चोच बाहेर येते, मग दुसरा पाय खाली येतो, मग तो मान ताठ करून चार पावले पळतो आणि शेवटी उडतो. दुसरा पाय खाली आला की तिथेच थांबावे, हा नियम सात वर्षांच्या मुलालाही कळतो आणि एकदा कळला की मुले तो मोठ्यांनाही पाळायला लावतात. दुर्बीण असेल तर अवश्य आणा. ड्रोन मात्र आणू नका; माडांवर आणि उंच झाडांवर समुद्री गरुडाची घरटी याच दिवसांत असतात आणि घरट्याजवळ ड्रोन आला की जोडी बिथरते.

धक्क्यांवर आणि होड्यांतून कुरवांना फरसाण, गाठी टाकण्याची जी प्रथा पडली आहे ती सोडून द्यावी, ही कळकळीची विनंती. मासे खाणाऱ्या पक्ष्याला तेल-मिठाचे तळलेले खाणे पोटभर मिळाले की तो मासे शोधत नाही, आणि नेमक्या प्रवासाच्या तोंडावर त्याचे पोषण बिघडते.

ओहोटीची वेळ काढण्याची आपल्याकडची जुनी रीत मुलांना शिकवता येईल. शुक्ल किंवा कृष्ण पक्षाच्या तिथीला तीनने गुणून चाराने भागले की भरतीचा अंदाजे तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या सुमारास सकाळ-संध्याकाळ भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी गावकऱ्यांना विचारूनच घ्यावे.

रेवस खाडी

शंख-शिंपल्यांचे थोडक्यात सांगते. रिकाम्या शंखाला ‘रिकामा’ म्हणण्यापूर्वी तो तळहातावर दोन मिनिटे स्थिर ठेवावा, कारण आत शंखातला खेकडा असेल तर तो पाय बाहेर काढतो. हा खेकडा मऊ पोटाचा असतो. वाढत जाईल तसा त्याला मोठा शंख लागतो, आणि सगळे चांगले शंख आपण घरी नेले तर तो उघडा पडतो. काही शंख, सर्व प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे दुकानात मिळाले तरी विकत घेऊ नयेत. मुलांना हात लावू द्यावा, रचना करू द्यावी, आणि निघताना सगळे तिथेच ठेवायला सांगावे.

ओहोटीच्या वेळी वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल. छोटे खेकडे वाळू तोंडात घेऊन त्यातले खाद्य चाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला ठेवतात. बिळापासून निघालेल्या या गोळ्यांच्या रांगा पुढच्या भरतीत पुसल्या जातात. तिथे न हलता बसले तर खेकडे थोड्या वेळाने बाहेर येतात. शंख गोळा करण्यापेक्षा मुले यात अधिक रमतात, असा माझा अनुभव आहे.

सुरूबन, दापोली

थोडी भर घालतो. वाळूवर पसरलेली, जांभळ्या फुलांची मर्यादवेल कुणी उपटू नये. उधाणाच्या लाटांपुढे वाळू धरून ठेवण्याचे काम तीच करते.

खडप, मालवण

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले असून त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र त्यात येतो आणि तुम्ही जिथे स्नॉर्केलिंग कराल ते प्रवाळ याच परिसरातले आहेत. खडकासारखे दिसले तरी प्रवाळ ही सजीवांची वसाहत असते आणि ती अतिशय सावकाश वाढते. पाय टेकून उभे राहिलात तर वरचे जीव चिरडले जातात, पायातल्या पंखांनी गाळ उडाला तर तो त्यांच्यावर बसून त्यांना गुदमरवतो. म्हणून मुलांना आधी वाळूच्या तळावर, कमरेएवढ्या पाण्यात तरंगायला शिकवा. पाणी नाकात गेल्यावर घाबरून उभे राहणे ही स्वाभाविक क्रिया आहे आणि प्रवाळांचे बरेचसे नुकसान त्यातूनच होते. ज्यांना पोहणे येत नाही त्यांनी जाकीट घालून, आडवे राहून वरूनच पाहावे. पाणी स्वच्छ असेल तर तेवढ्यानेही भरपूर दिसते. उन्हासाठी अंगाला मलम फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कारण काही मलमांतले ऑक्सिबेन्झोनसारखे घटक प्रवाळांना अपायकारक ठरतात.

मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव टाकला जातो. तुम्ही होडी ठरवताना आधीच सांगा की आम्हाला पाव नको. मासे त्या वेळी तुमच्याभोवती कमी जमतील, पण ते प्रवाळांवर जे एरवी करतात, म्हणजे शेवाळ खरवडणे, आपली हद्द राखणे, भेगेत लपणे, ते तुम्हाला पाहायला मिळेल. आमच्या इथे होडीवाल्यांचा संसार पर्यटकांवर चालतो आणि पर्यटक जे मागतो ते त्याला मिळते, म्हणून ही मागणी तुमच्याकडूनच यायला हवी. नांगर प्रवाळावर टाकू नका, असेही मोकळेपणाने सांगावे. त्याचा कुणाला राग येत नाही.

डॉल्फिनचेही तसेच आहे. किनाऱ्यालगत दिसणारे बहुतेक हंपबॅक जातीचे असतात आणि ते खाड्यांच्या मुखाजवळ, उथळ पाण्यात राहतात, त्यामुळे होड्यांपासून लांब खोल समुद्रात निघून जाणे त्यांना सोयीचे नसते. ते आवाजाच्या आधारे मासे शोधतात. चार इंजिने एकाच वेळी गरजत असतील तर त्यांना शिकार करता येत नाही. होडी ठरवतानाच सांगा की पाठलाग करायचा नाही, डॉल्फिनच्या वाटेत आडवे जायचे नाही, पिल्लू बरोबर असेल तर लांबूनच परतायचे, आणि एखाद्या ठिकाणी आधीच दोन-तीन होड्या असतील तर आपण थांबायचे. इंजिन मंद ठेवून स्थिर राहिलेल्या होडीजवळ ते पुष्कळदा आपण होऊन येतात. नाही आले तरी पैसे परत मागू नयेत. ‘डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे नाहीत’ ही अट घातली की होडीवाल्याला पाठलाग करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

मुठाकाठ, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. ओहोटीचे गणित मुलांनी आताच दिनदर्शिका काढून सुरू केले आहे. एक शंका राहिली. किनाऱ्यावर जखमी कासव किंवा चुकलेले पिल्लू आढळले तर आम्ही काय करावे? पुन्हा पाण्यात सोडावे का?

सुरूबन, दापोली

दिवसाउजेडी वाळूवर पडून राहिलेले मोठे कासव बहुधा आजारी किंवा जखमी असते. त्याला पाण्यात ढकलू नका, कारण अशक्त कासवाला श्वासासाठी वर येता आले नाही तर ते बुडते. पाय धरून ओढू नका. अंगावर सावली करा, पाठीवर ओले फडके टाका, पण नाकपुड्या झाकू नका. गर्दी आणि कुत्री दूर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. गावातल्या कासवमित्राला निरोप गेला तर तो त्याहून लवकर पोहोचतो. चुकलेले पिल्लू दिसल्यास थोडी ओली वाळू घातलेल्या बादलीत ठेवा. बादलीत पाणी भरू नका. पोहून पोहून त्याची शक्ती तिथेच संपते. आणि रात्री धडधाकट मादी वर येताना दिसली तर हे काहीच करायचे नाही; दिवा विझवून, तिच्या मागच्या बाजूला लांब बसून राहायचे.

खडप, मालवण

जाळ्यात अडकलेल्या कासवाबद्दलही सांगतो, कारण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना पाहायला गेलात तर तसे दृश्य दिसू शकते. रापणकरांवर ओरडू नका. कासव मुद्दाम कुणी धरत नाही. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले तर राज्य शासन मच्छीमारांना २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. ही योजना डिसेंबर २०१८ पासून सुरू आहे. त्यासाठी प्राणी सोडतानाचे छायाचित्र लागते आणि जाळे धरलेल्या माणसाचे हात तेव्हा मोकळे नसतात. तुमच्या भ्रमणध्वनीवर ते छायाचित्र काढा, कापलेल्या जाळ्याचेही काढा, आणि त्यांच्या क्रमांकावर पाठवून द्या.